लहान मुलांची घरातील सुरक्षितता

पेरणी-काढणीच्या दिवसांत मोठी माणसे शेतावर असतात आणि रांगते मूल भावंडावर सोपविले जाते. अशा वेळी भाजणे, बुडणे व विषबाधा यांचे भय वाढते. हे अपघात दैवाधीन समजून सोडून देणे योग्य नव्हे.

बांगलादेशाच्या ग्रामीण भागात असे आढळून आले की, लहान मुले बहुधा सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात, आई कामात गुंतलेली असता, घराजवळच्याच तळ्यात बुडतात. म्हणून तेथे नेमक्या त्याच वेळी मुले सांभाळणारी 'आंचल' केंद्रे गावातच काढण्यात आली. त्यांमुळे बुडून होणारे मृत्यू पुष्कळच घटले.

अनेक अभ्यास पडताळून २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा की, समक्ष समजावून सोबत साधनेही पुरविली, तर कुटुंबाच्या सवयी सुधारतात. इजा घटल्याचा पुरावा त्या मानाने थोडा आहे. पण जो आहे, तो घरी जाऊन केलेल्या कामाचा आहे. नुसत्या भित्तिपत्रकांवर ग्रामकार्यकर्त्यांनी विसंबू नये.

भेटीत चूल जमिनीलगत आहे काय, हौदावर झाकण आहे काय, हे पाहावे. कीटकनाशक सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची चाल तर फारच घातक; मुलास बाटली ओळखते, विष ओळखत नाही. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे गार पाणी ओतावे, हळद वा शाई लावू नये. रॉकेल प्यालेल्या मुलास ओकारी न काढविता तत्काळ दवाखान्यात न्यावे.