गावात नाटक शिकायला जाताना

धाराशिवला २०१७ साली ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झालं. नाटकाची ओढ जिल्ह्याला आहेच. पण भूम, परंडा, वाशीकडच्या एखाद्या वस्तीवर जाऊन तिथल्याच माणसांना घेऊन, त्यांच्याच अडचणीवर नाटक उभं करणं हा आता विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे. त्याला अप्लाइड थिएटर म्हणतात, म्हणजे लोकांच्या कामी येणारं नाटक. ते शिकायचं तर काय काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू.

आधी प्रवेश. या नावाची स्वतंत्र पदवी मँचेस्टर, लंडन अशा ठिकाणी मिळते. आपल्याकडची वाट नाट्यशास्त्रातून जाते. जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. शाळेतल्या मुलांसोबत काम करायचं असेल तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा आगरतळ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. आणि नाटकापेक्षा गावच जास्त खुणावत असेल, तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहेच.

अर्जाआधी अभ्यासक्रमपत्रिका मिळवून वाचावी. त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे वर्गाबाहेर लोकांमध्ये जाऊन करायचं काम, किती आहे ते शोधावं. नसेल तर शिक्षण चांगलं असूनही ते रंगमंचाचंच होईल.

सुरुवातीचे महिने वर्गात जातात. आवाज, शरीर, आयत्या वेळी सुचलेल्या संवादांचा सराव. इतिहासात सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ चं अण्णाभाऊ साठे यांचं लाल बावटा कलापथक भेटतं. मग येतात ब्राझीलचे ऑगस्तो बोआल आणि त्यांचं फोरम थिएटर. यात छोटं नाटक अडचणीच्या टोकाला नेऊन सोडून देतात. तेच पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षकांपैकी कोणी ‘थांबा’ म्हणून पुढे येतो, पिचलेल्या पात्राची जागा घेतो, वेगळं वागून बघतो.

आता गाव. इथे पहिली चूक कॅलेंडरची होते. क्षेत्रकार्य बहुधा दुसऱ्या सत्रात, जानेवारीनंतर येतं. या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मात्र दिवाळीच्या आगेमागे निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. ज्यांच्यावर नाटक करायचं ते कारखान्याच्या परिसरात कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि आपण वस्तीवर म्हाताऱ्यांसोबत! म्हणून ओळखीपाळखी पावसाळ्यातच कराव्यात, मार्गदर्शकांनाही हे आधीच सांगून ठेवावं.

पुढची पायरी ऐकण्याची, आणि माझ्या मते खरा अभ्यास हाच. विषय घरून ठरवून नेऊ नये. आपण ‘व्यसनमुक्ती’ घेऊन जातो आणि लोक टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या उचलीबद्दल, म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेल्या आगाऊ रकमेबद्दल बोलत राहतात. तर विषय उचलच. वही कमी काढावी. सरपंचांकडचा चहा घ्यावा, पण तेवढ्यावर गाव समजलं असं धरू नये.

जागाही इथेच ठरते. मारुतीचा पार सोयीचा दिसतो, पण तिथे बायका टेकत नाहीत. त्यांचं ऐकायचं तर अंगणवाडीत, दुपारची कामं उरकल्यावर बसावं.

मग नाटक. समजा, नववीतली मुलगी आहे. आईबाप मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार. तिला मागे एकटी कशी ठेवायची, म्हणून लग्नाची बोलणी सुरू होतात. ती ‘शिकायचंय’ म्हणते, कोणी ऐकत नाही. इथे थांबायचं. दहा-बारा मिनिटं पुरतात. खरी घडलेली गोष्ट जशीच्या तशी घेऊ नये. गाव लहान असतं, घर लगेच ओळखू येतं.

चर्चा चालवणाऱ्याला बोआल ‘जोकर’ म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू. बहुतेक प्रयोग त्याच्याच हातून फसतात, कारण त्याला शेवटी भाषण केल्याशिवाय राहवत नाही. कायदा सांगितला, टाळ्या पडल्या, की लोक उठले. दुसरा घोटाळा गोड तोडग्याचा. कोणीतरी मुकादम होतो आणि उचल माफ करून टाकतो. तेव्हा सूत्रधाराने गावालाच विचारावं, “हे आपल्याकडं होईल का?” हसू फुटतं, आणि मग आजीकडे मुलीला ठेवण्याबद्दल, हंगामी वसतिगृहाबद्दल, बाप कोणाचं ऐकेल याबद्दल बोलणं निघतं. कोणी पुढे येत नसेल तर शांतता सोसावी.

प्रयोगानंतर एखादी मुलगी बाजूला येऊन काही सांगते. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. अल्पवयीन मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक, तसंच मार्गदर्शकांचा फोन जवळ असावा. चौकशी स्वतः करत बसू नये.

शेवटी अहवाल. गुणांसाठी व्हिडिओ लागतो, आणि तोच रात्रीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. संमती आधी घ्यावी, मुलांची पालकांकडूनही. चर्चेच्या वेळी कॅमेरा बंद ठेवावा. अहवालात नावं बदलावीत. आणि गुण मिळाल्यावरही एकदा गावात जाऊन, पुढे काय झालं ते विचारून यावं. टोळ्या परतल्यावर आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधी गेलं, तर लोकांना बसायला वेळ असतो.