रोजगार व्हिसा (भारत)

रोजगार व्हिसा हा उच्च कौशल्य असलेल्या परदेशी नागरिकांना भारतात नोकरी करण्यासाठी दिला जाणारा व्हिसा होय. तो परदेशातील भारतीय दूतावासाकडून मिळतो. त्याचे नियम केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. ज्या कामासाठी पात्र भारतीय उपलब्ध आहेत, किंवा जे काम नित्याचे अथवा कारकुनी स्वरूपाचे आहे, त्यासाठी हा व्हिसा दिला जात नाही.

पार्श्वभूमी
२००९ पूर्वी वीजप्रकल्पांच्या उभारणीसाठी अनेक परदेशी, प्रामुख्याने चिनी, तंत्रज्ञ व कामगार व्यवसाय व्हिसावर येत असत. तो व्हिसा बैठका व व्यापारी बोलणी यांसाठी असल्याने, त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी ऑक्टोबर २००९ अखेर मायदेशी परतून योग्य व्हिसा घ्यावा, असा आदेश सरकारने दिला. पुढे वीज व पोलाद क्षेत्रांसाठी स्वतंत्र प्रकल्प व्हिसा सुरू झाला. तो ठरावीक प्रकल्पापुरताच वैध असतो.

अटी
अर्जदाराचे वार्षिक वेतन किमान १६.२५ लाख रुपये असावे लागते. केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांतील परदेशी अध्यापकांसाठी ही मर्यादा ९.१० लाख रुपये करण्यात आली. स्वदेशी पाककृती करणारे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व अनुवादक यांना वेतनमर्यादेतून सूट आहे. कमी वेतनावर परदेशी मनुष्यबळ आणून स्थानिकांचा रोजगार हिरावला जाऊ नये, हा या अटीमागील हेतू आहे.

हा व्हिसा विशिष्ट मालकाशी जोडलेला असतो. नोकरी बदलायची असल्यास सामान्यतः मायदेशी जाऊन नवा व्हिसा घ्यावा लागतो. मूळ कंपनी व तिची उपकंपनी यांच्यातील बदलीस काही प्रसंगी मुभा मिळते. त्यामुळे नोकरी गेली की वास्तव्याचा आधारही जातो.

नोंदणी
१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने आगमनानंतर १४ दिवसांत परदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी व मुदतवाढीचे अर्ज २०१८ पासून ऑनलाइन स्वीकारले जातात. परदेशी व्यक्तीस निवास देणाऱ्यानेही २४ तासांच्या आत माहिती कळवणे बंधनकारक आहे. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी अधिनियम व १९४६ चा परदेशी नागरिक अधिनियम यांसह चार जुन्या कायद्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या आप्रवासन व परदेशी नागरिक अधिनियमाने घेतली.

गोंदिया जिल्हा
मोठ्या शहरांत या कामासाठी स्वतंत्र प्रादेशिक कार्यालये आहेत. गोंदियासारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात. तिरोडा येथे ६६० मेगावॅटचे पाच संच असलेला ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. परदेशी परवाना असलेल्या वैमानिकाला भारतीय नोंदणीचे विमान चालवण्यासाठी केवळ व्हिसा पुरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची तात्पुरती अधिमान्यताही लागते.

याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावनजीक नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथील रहिवाशांचे वास्तव्य नोंदणी प्रमाणपत्रावर आधारलेले असते. ते कोणत्याही नोकरीशी जोडलेले नसते.

अन्य देशांतील पद्धती
युरोपीय संघाचे ब्लू कार्ड (२००९) व अमेरिकेचा एच-१बी व्हिसा (१९९०) यांचा उद्देश असाच आहे. मात्र त्या देशांत अशा नोकरीतून पुढे कायम वास्तव्याकडे जाण्याचा मार्ग असतो. भारताचा रोजगार व्हिसा तसा हक्क देत नाही.