हमीवर कोण सुटतो?

एखाद्याच्या हातून लहानसा गुन्हा घडतो. १९५८ सालच्या कायद्याने कोर्ट त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकते. याला परिविक्षा म्हणतात. असा माणूस सुधारतो, म्हणून आम्हांला हा कायदा बरा वाटतो.

पण लेकरावर बलात्कार करणाऱ्याचे काय? ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ही सवलत नाही. मूल सोळा वर्षांच्या आतले असेल, तर २०१९ पासून निदान २० वर्षे कैद आहे.

मग आरोपी कधी कधी गावात कसा दिसतो? तो जामिनावर आलेला असतो. जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालूच असतो. पंचांनी बसून मिटवले, तरी कायद्याने ते मिटत नाही. उलट, माहीत असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा होतो.