संकटाच्या काळात बंदूक घराबाहेर : एक साधी, पण जीव वाचवणारी खबरदारी

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वृत्तकक्षात एक ठरावीक बातमी येते. परवानाधारकांनी आपली शस्त्रे जवळच्या पोलीस स्थानकात जमा करावीत, असा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश असतो. दोन परिच्छेदांची ही बातमी आम्ही छापतो आणि वाचक ती वाचून विसरतात. मतमोजणी आटोपली की बंदुका आपापल्या घरी परततात. शस्त्र काही दिवस घराबाहेर ठेवल्याने कोणाचा मान कमी होत नाही आणि कोणी त्याला शिक्षा समजत नाही. हीच सवय घरातील एखाद्याचे मन खचलेले असताना उपयोगी पडू शकते. मात्र त्या कारणासाठी बंदूक बाहेर ठेवण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण यांसारख्या तालुक्यांत बंदूक हे बागायतीचे साधन मानले जाते. रानडुकरे आणि माकडे यांच्या उपद्रवाने हैराण झालेल्या शेतकऱ्यांना पीक संरक्षणासाठी शस्त्र परवाने दिले जातात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कित्येक घरांत ही बंदूक आजोबांच्या काळापासून आहे. कोयता किंवा कुदळ जितकी ओळखीची, तितकीच ती ओळखीची. म्हणूनच घर संकटात असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

तो काळ थोडाच असतो

जीव द्यायचे ठरवलेल्या माणसाला कोणी अडवू शकत नाही, एक मार्ग बंद केला तर तो दुसरा शोधतो, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. अभ्यासकांना जे आढळले ते याच्या उलट आहे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्यांशी बोलल्यावर असे दिसले, की अनेकांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांत तासाभराहूनही कमी वेळ गेला होता, काहींच्या बाबतीत तर काही मिनिटेच. एकदा वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. त्या घटकेला हाताशी काय होते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. बंदुकीच्या बाबतीत मन बदलायला आणि मदत पोहोचायला अवधीच उरत नाही.

इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये एक छोटा बदल केला. आठवडाअखेरच्या सुट्टीत सैनिकांनी रायफली घरी न नेता छावणीतच ठेवाव्यात, असे ठरले. त्यानंतर सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण बंदुकीचे नाही, पण आपल्या शेतकरी घरांना अधिक जवळचे आहे. तेथे १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढील दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक खाली आले. लोकांची दुःखे नाहीशी झाली नव्हती. घातक वस्तू हाताशी नसल्याने त्यांना सावरायला वेळ मिळाला.

घरच्यांनी काय करावे?

पहिली पायरी लक्ष देण्याची. ‘माझा सगळ्यांना भार झाला आहे’ असे वारंवार बोलणे, झोप उडणे, दारू वाढणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा करणे, ही लक्षणे सहज घेऊ नयेत. कर्ज, आजारपण, कोर्टकचेरी, जोडीदाराचा मृत्यू अशा प्रसंगांनंतर तर विशेष सावध असावे.

दुसरी पायरी विचारण्याची. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच अनेकांना दिलासा वाटतो. घरात ज्या भाषेत सुखदुःख बोलले जाते त्याच भाषेत, एकांतात आणि सरळ विचारावे : ‘बाबा, जगणे नकोसे झाले आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?’ उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, देवाची किंवा मुलाबाळांची शपथ घालू नये. ऐकून घ्यावे आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

तिसरी पायरी अंतर निर्माण करण्याची. ‘थोडे दिवस बंदूक बाहेर ठेवूया, बरे वाटले की परत आणू,’ इतके म्हणणे पुरे असते. यात संशयाची भाषा नको, काळजीची हवी. येथे एक दक्षता आवश्यक आहे. बंदूक परवाना नसलेल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी शस्त्र देण्याची तरतूद नियमांत आहे. म्हणून शस्त्र हलवण्याआधी पोलीस स्थानकाला दूरध्वनी करून रीतसर मार्ग विचारावा आणि जमा केल्याची पावती जपून ठेवावी. तोवर बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे किंवा दारू वेगळ्या जागी ठेवावी आणि किल्ली घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे असावी. हेच कीटकनाशकांच्या बाटल्यांनाही लागू आहे.

परवाना जाईल, गावात चर्चा होईल, पोलीस मागे लागतील, या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु कायदा आता पूर्वीसारखा कठोर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्यावर उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ उरलेलेच नाही. परवान्याचे म्हणाल, तर गेलेला परवाना पुन्हा मागता येतो.

मदत कोठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. ज्याच्या मनात असे विचार येत आहेत त्याने तर तेथे बोलावेच. घरच्या माणसाबद्दल काळजी वाटणाऱ्यांनीही सल्ला विचारावा. प्रत्यक्ष उपचारासाठी बांबोळी येथे मानसिक आजारांवरील शासकीय संस्था, आयपीएचबी, आहे. तेथवर जाणे लगेच जमत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपासून सुरुवात करावी. धोका समोर दिसत असेल, तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. हाती शस्त्र असलेल्या माणसाकडून ते हिसकावण्याचा प्रयत्न करू नये. स्वतः सुरक्षित अंतरावर राहून मदत बोलवावी.

हा मजकूर वाचताना तुमच्याच मनात असे विचार असतील, तर आजची रात्र एकट्याने काढू नका. किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या आणि १४४१६ वर फोन करा. काय बोलावे हे सुचले नाही तरी चालेल. ‘मला बरे वाटत नाही’ एवढ्यानेही संवाद सुरू होतो.

निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करायला सरकारचा आदेश येतो. घरातील संकटाच्या वेळी तसा आदेश कोणी काढणार नाही. तो निर्णय घरच्यांनीच, प्रेमाने आणि वेळीच घ्यायचा आहे.