साच्यात वाढलेल्या वस्तू

2007 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात इबेन बायर आणि गॅव्हिन मॅकिन्टायर या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या दोन विद्यार्थ्यांनी 'इकोव्हेटिव्ह' ही कंपनी काढली. बायर व्हर्मॉन्टमधल्या शेतावर वाढलेला. लाकडाच्या ढलप्या उपसताना त्याने पाहिले होते, की बुरशीचे पांढरे तंतू त्या ढलप्यांना घट्ट धरून ठेवतात. हा फुकटचा डिंक कामाला लावायचे दोघांनी ठरवले.

मक्याची ताटे किंवा तसलाच शेतातला टाकाऊ माल बारीक करायचा, तापवून त्यातले इतर जंतू मारायचे, अळंबीचे स्पॉन म्हणजे बियाणे मिसळून साच्यात भरायचे. काही दिवसांत तंतू सगळा भुसा विणून काढतात. मग भट्टीत वाळवले की वाढ थांबते आणि हलकी, टणक वस्तू हाती येते. गरज संपल्यावर ती मातीत कुजते. थर्माकोलला हे जमत नाही.

दोघांचे पहिले लक्ष्य भिंतींमधले उष्णतारोधक होते. जम बसला तो पॅकिंगमध्ये. 2011 मध्ये डेलने सर्व्हरच्या खोक्यांत हा माल वापरून पाहिला.

कलावंत त्याआधीच पुढे गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलिप रॉस यांनी 2009 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टहालेत रेशी अळंबीच्या विटांची कमान उभारली आणि त्याच विटा उकळून पाहुण्यांना चहा पाजला! 2014 मध्ये वास्तुरचनाकार डेव्हिड बेंजामिन यांनी न्यूयॉर्कमधल्या मोमा पीएस1 या कलासंग्रहालयाच्या अंगणात सुमारे 10,000 विटांचे, 40 फूट उंचीचे मनोरे रचले. विटा अर्थातच इकोव्हेटिव्हच्या. उन्हाळा सरल्यावर त्यांचे खत झाले. या सगळ्या काळातले सर्वांत प्रामाणिक काम हेच. जितके दिवस हवी तितकेच दिवस टिकणारी इमारत त्यात प्रत्यक्ष उभी राहिली.

फॅशनची मागणी नेमकी उलटी: वर्षानुवर्षे टिकणारे, प्रत्येक तुकडा सारखा असलेले 'चामडे'. कॅलिफोर्नियाच्या बोल्ट थ्रेड्स कंपनीच्या 'मायलो' या बुरशीच्या चामड्यामागे 2020 मध्ये आदिदास, केरिंग, लुलुलेमन, स्टेला मॅकार्टनी अशी बडी नावे उभी राहिली. तरी मोठ्या उत्पादनासाठी भांडवल मिळेना आणि 2023 मध्ये मायलो थांबले. पॅकिंगच्या ठोकळ्याला ओबडधोबडपणा चालतो, महागड्या पर्सला चालत नाही. बुरशीचा खरा कस इथे लागला. रॉस यांच्या मायकोवर्क्स कंपनीने मात्र एर्मेससाठी असले कातडे पुरवल्यानंतर 2023 मध्येच साउथ कॅरोलायनातल्या युनियन गावात मोठा कारखाना उघडला.