पावसाला कन्सेंट लागत नाही

भोपाळच्या महाराणा प्रताप नगराला गावात कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ते एमपी नगर. बँका, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि कोचिंग क्लास यांनी गजबजलेला हा भाग. रेल्वेमार्गाच्या पलीकडे गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत लागते, ‘भेल’ या सरकारी अवजड विद्युत उपकरणांच्या कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेली. अशा कुठल्याही वसाहतीतले एखादे आवार जूनच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांसमोर आणा. लेथवर निघालेला लोखंडाचा कीस भिंतीलगत ढिगाने पडलेला, त्याला कटिंग ऑइल चिकटलेले. शेजारी बिनझाकणाची रिकामी पिंपे, रसायनाच्या फाटक्या गोण्या, डिझेलच्या टाकीखाली काळवंडलेला कोबा. सात-आठ महिने यातले काही जागचे हलत नाही. मग पाऊस येतो आणि तासाभरात आवार धुऊन काढतो. मळ जातो गटारात, गटार नाल्यात, नाला नदीत. कारखान्याच्या पाइपातून येणाऱ्या सांडपाण्याचा हिशेब आपण मागतो. आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा हिशेब मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही करावा लागत नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी या पाण्याचे माप पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. म्हणजे २५ मिलिमीटरची एक बरी सर अडीच लाख लिटर पाणी ओतते, दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब लावला तर पंचवीस टँकर. मोकळ्या मातीत त्यातले बरेचसे मुरते. पत्रे, डांबर आणि कोबा यांवरून जवळजवळ सगळे वाहून जाते. आपला जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा. त्याच्या २५व्या कलमानुसार सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. कारखानदारांच्या बोलीत ‘कन्सेंट’. पावसाचे पाणी सांडपाण्यात मिसळू देऊ नये, अशी अट अनेक कन्सेंटमध्ये असते. ती रास्तच आहे, कारण ते मिसळले की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, म्हणजे ईटीपीवर, भार पडतो आणि नमुनाही पातळ होतो. पण वेगळ्या गटारातून गेलेले पाणी स्वच्छच असणार, हे यात गृहीत धरलेले असते. नमुना घेतात तो ईटीपीच्या तोंडाशी. प्रत्यक्षात पाऊस सुरू असताना अख्खे आवारच कारखान्याचे तोंड झालेले असते.

या गृहीतकाची किंमत काय असते, हे भोपाळइतके कोणाला ठाऊक असणार? युनियन कार्बाइड म्हटले की २-३ डिसेंबर १९८४ ची विषारी वायुगळतीची रात्र आठवते. पण वायू गळायच्या कितीतरी आधीपासून तिथे दुसरी गळती चालू होती, सावकाश आणि आवाज न करता. कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून कीटकनाशकांचा कचरा आवारातच टाकला जात होता. १९७७ पासून सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी बाहेर तळी बांधण्यात आली. कारखाना बंद पडला, पण पाऊस बंद झाला नाही. उघड्यावरच्या कचऱ्यातला काही भाग गोळा होऊन गोदामात गेला तो २००५ मध्ये; तोवर दुर्घटनेनंतरचे वीस पावसाळे त्यावरून गेले होते. आसपासच्या वस्त्यांचे भूजल इतके बिघडले की त्यांना पिण्याचे पाणी बाहेरून द्यावे, असा आदेश २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या २०१० च्या अंदाजानुसार दूषित माती ११ लाख टन भरते. गोदामातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळला. माती जागच्या जागी आहे. वेळेवर घातलेले छप्पर आणि खाली न झिरपणारी फरशी यांचा खर्च या साऱ्यापुढे कितीसा झाला असता?

भोपाळ हे टोकाचे उदाहरण झाले, लेथवाल्या छोट्या कारखान्याला ते लावणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. विषाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण पाणी वाहण्याची रीत दोन्हीकडे एकच. दुसरा आक्षेप असा, की मुसळधार पावसात सगळे पातळ होऊन जाते. तेलाचा तवंग पातळ होतो, पण पारा किंवा क्लोरीनयुक्त संयुगे नाहीशी होत नाहीत. ती गाळात बसतात आणि पाणी ओसरल्यावरही राहतात. शिवाय पहिल्या अर्ध्या तासाचे पाणी सर्वांत मळके असते, आणि त्या वेळी नाल्यात पातळ करायला पुरेसे पाणीही नसते. मंडीदीपपासून विदिशेपर्यंतचा बेतवेचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेला आहे. त्याचे सगळे खापर पावसावर फोडता येणार नाही, शहरांचे मैलापाणीही त्यात आहे. पण आवारांतून धुऊन आलेला वाटा किती, हे न मोजताच तो शून्य धरणे बरे नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: लहान उद्योजकाला आधीच परवान्यांचे ओझे, त्यात आणखी एक कशाला? इथे अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडतो. तिथला स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ चा. १९८७ च्या दुरुस्तीने कारखान्यांच्या आवारातले पावसाचे पाणी परवान्याच्या कक्षेत आले आणि १९९० मध्ये नियम झाले. परवानाधारकाने आपल्या आवाराचा लेखी आराखडा करायचा: पाणी कुठून कुठे वाहते, वाटेत काय उघडे पडले आहे, ते कसे झाकणार. दर तिमाहीला पावसाचे वाहते पाणी शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात पारदर्शक बाटलीत धरून पाहायचे. रंग, वास, तवंग, फेस, तरंगता कचरा यांची नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि ज्याचे सगळे सामान छपराखाली आहे, त्याने तसे लिहून दिले की परवान्यातून सुटका. ही शेवटची सवलतच खरी गुरुकिल्ली. तिथेही कागद रंगवणारे आहेतच, आणि चाचणीचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर तेवढ्यावरून परवानाभंग होतोच असे नाही. तरी झाकणाऱ्याला सूट आणि उघडे टाकणाऱ्याला हिशेब, हे तत्त्व आपल्याला नवा कायदा न करता, कन्सेंटच्या एका अटीने आणता येईल. पिंपांवर झाकण, टाकीभोवती बांध, किसाच्या ढिगावर पत्रा, गटाराच्या तोंडाशी तेल अडवणारा खड्डा, सांडले तर पाणी न मारता भुशाने टिपून घेणे: यातले बरेचसे गवंडी आणि वेल्डर दोन-चार दिवसांत करून देतील.

एक धोका मात्र आपल्या चांगल्या हेतूतूनच येतो. पावसाचे पाणी जिरवा, हे आता सर्वत्र सांगितले जाते, आणि छपरावरच्या स्वच्छ पाण्यासाठी ते योग्यच आहे. पण तेलकट आवाराचे पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडले, तर माती गाळून घेईल ती वाटही आपण बंद करतो आणि मळ थेट विहिरीच्या पाण्यात उतरवतो. म्हणून पन्हाळीचे पाणी वेगळे आणि अंगणाचे वेगळे, हा भेद नियमात आला पाहिजे. तपासणीची वेळही बदलली पाहिजे. फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी आवार नेहमीच नीटनेटके दिसते. मंडळाचा माणूस मृगाच्या पहिल्या सरीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काचेची बाटली घेऊन फाटकाशी उभा राहिला, तर जे कन्सेंटच्या फाइलीत दिसत नाही ते बाटलीत दिसेल.