हात बदलताना

स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीचा टीडी १२४ हा टर्नटेबल १९५७ साली आला. त्याची टोनआर्मची फळी सुटी होते, त्यामुळे मूळ यंत्राला धक्का न लावता हात बदलता येतो. जुना हात फळीसकट जपून ठेवावा. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी तोच मागतं.

सगळी मेख अंतरात आहे. मधल्या खुंटीपासून हाताच्या बिजागरीपर्यंतचं अंतर इंग्लंडच्या एसएमई ३००९ला सुमारे २१५ मिलीमीटर लागतं, रेगाच्या आरबी ३००ला सुमारे २२२. एकासाठी पाडलेलं भोक दुसऱ्याला चालत नाही. लाकडाला ड्रिल लावण्याआधी पुठ्ठ्यावर आखून बघा. एसएमईचा तळ रुळांवर पुढेमागे सरकतो, तेवढी चूक तो पोटात घालतो. रेगात ही सोय नाही.

मग कार्ट्रिजशी जमवणं. जड हाताला मऊ स्प्रिंगची कार्ट्रिज जोडली तर दोघांची मिळून कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या खाली जाते आणि किंचित वाकड्या रेकॉर्डवरही सुई झोके खाते. ८ ते १२च्या दरम्यान ठीक.

टीडी १२४ ७८च्या वेगानेही फिरतो. घरात नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या असतील तर हेडशेल सुटं होणारा हातच घ्या. त्यांची खाच रुंद, तिला जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई त्यात तळाशी घासत नुसती खरखरते. एसएमईत कडं फिरवलं की एक हेडशेल निघतं, दुसरं बसतं. वजन मात्र दर वेळी नव्याने लावायचं.